आइस वाइनचा इतिहास : योगायोग, तंत्र आणि कायदा (१८३० ते २०२०)

प्रस्तावना :

द्राक्षशेतीच्या इतिहासात कडाक्याची थंडी ही सामान्यतः शेतकऱ्याची शत्रू मानली जाते. आइस वाइन हा या नियमाचा अपवाद होय. वेलीवरच गोठलेली द्राक्षे तशीच गोठलेल्या स्थितीत दाबून काढलेल्या रसापासून हे गोड मद्य तयार होते. जर्मन भाषेतही त्याचे नाव ‘आइसवाइन’ असेच उच्चारले जाते. या मद्याचा जन्म केवळ योगायोगाने झाला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु योगायोगाने एखादी वस्तू सापडते. त्या वस्तूचा उद्योग मात्र योगायोगाने उभा राहत नाही. सदर लेखात जर्मनी व कॅनडा या दोन देशांच्या आधारे या उद्योगाच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे.

निर्मितीची प्रक्रिया :

द्राक्षाच्या रसातील पाणी गोठते, परंतु साखर व आम्ल त्याप्रमाणे गोठत नाहीत. त्यामुळे गोठलेली द्राक्षे दाबली असता बर्फाचे स्फटिक मागे राहतात आणि अत्यंत दाट, गोड रस थेंबाथेंबाने बाहेर येतो. नेहमीच्या तुलनेत हा रस सुमारे एक-पंचमांश किंवा त्याहूनही कमी मिळतो. साखरेचे प्रमाण जास्त असल्याने यीस्टची वाढ मंदावते व किण्वनास दीर्घ काळ लागतो. तोडणी बहुधा रात्री किंवा पहाटे करावी लागते. कारण सूर्य वर येताच बर्फ वितळून रस पुन्हा पातळ होण्याची भीती असते.

जर्मनीतील आरंभ :

ऱ्हाइनहेसन प्रांतात बिंगेनजवळ ड्रोमर्सहाइम नावाचे गाव आहे. तेथे १८२९ च्या हंगामातील द्राक्षे जनावरांच्या चाऱ्यासाठी वेलीवर तशीच ठेवण्यात आली होती. पुढे कडक हिवाळ्यात त्यांचा रस विलक्षण गोड असल्याचे लक्षात आले आणि ११ फेब्रुवारी १८३० रोजी ती तोडण्यात आली. मात्र त्यानंतर शतकाहून अधिक काळ असे मद्य क्वचितच तयार झाले. १९६० च्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी दाबयंत्रे आली, तसेच रात्रीच्या तोडणीसाठी फिरत्या जनित्रांवरील दिव्यांची सोय झाली. तेव्हा कुठे या निर्मितीत सातत्य आले. १९८२ मध्ये जर्मन कायद्याने आइसवाइनला स्वतंत्र दर्जा दिला.

कॅनडातील विस्तार :

कॅनडात हे तंत्र स्थलांतरितांबरोबर पोहोचले. ब्रिटिश कोलंबियातील ओकानागन खोऱ्यात वॉल्टर हाइनले या जर्मन स्थलांतरिताने १९७० च्या दशकात पहिले प्रयोग केले. ओंटारिओ प्रांतातील नायगारा द्वीपकल्पात मूळचे ऑस्ट्रियाचे कार्ल कायझर व डोनाल्ड झिराल्डो यांनी १९७५ मध्ये इनिस्किलिन ही वायनरी स्थापन केली. १९८३ मध्ये त्यांनी आइस वाइनसाठी राखलेली द्राक्षे पक्ष्यांनी फस्त केली. पुढील वर्षी वेलींवर जाळ्या टाकून हा प्रयत्न यशस्वी करण्यात आला. त्यासाठी विडाल हा जाड सालीचा फ्रेंच संकरित वाण निवडण्यात आला. १९९१ मध्ये बोर्दो येथील व्हिनएक्स्पो प्रदर्शनात इनिस्किलिनच्या १९८९ च्या विडाल आइस वाइनला सर्वोच्च सन्मान मिळाला, तर २००१ मध्ये युरोपीय संघाची बाजारपेठ कॅनडाच्या आइस वाइनसाठी खुली झाली.

नायगाराचे यश भूगोलावरही अवलंबून होते. तेथील उन्हाळा द्राक्षे पिकण्याइतका उबदार, तर हिवाळा ती गोठण्याइतका थंड असतो. याउलट जर्मनीत पुरेशी थंडी दरवर्षी पडेलच, याची खात्री नसते.

कायदा आणि नावाचा प्रश्न :

शीतगृहात द्राक्षे गोठवूनही गोड रस मिळवता येतो व तो तुलनेने स्वस्त पडतो. त्यामुळे ‘आइस वाइन’ हे नाव कोणास वापरता यावे, हा केवळ शब्दांचा वाद राहिला नाही. हिवाळाभर पीक वेलीवर ठेवून नुकसानीचा धोका पत्करणाऱ्या उत्पादकाच्या हक्काचा तो प्रश्न बनला. ओंटारिओच्या नियमांनुसार तोडणीच्या वेळी तापमान उणे ८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे लागते आणि रसातील साखर किमान ३५ ब्रिक्स असावी लागते. जर्मनीत उणे ७ अंश ही मर्यादा प्रचलित आहे. दोन्हीकडे कृत्रिम गोठवणीस या नावाखाली स्थान नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, आइस वाइनचा शोध थंडीने लावला. परंतु तिचा उद्योग दाबयंत्र, जाळी आणि कायदा यांनी उभा केला. मात्र ज्या कायद्याने या मद्याची प्रतिष्ठा जपली, त्यानेच त्यास निसर्गाशी कायमचे बांधून ठेवले. २०१९-२० चा हिवाळा इतका उबदार ठरला की, २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही वाइन प्रदेशात आइसवाइनची तोडणी होऊ शकली नाही. देशभर असे घडण्याची ती पहिलीच वेळ होती. नियम शिथिल केल्यास नावाचा अर्थ उरत नाही, आणि कायम ठेवल्यास थंडी नसलेल्या वर्षी मद्यच उरत नाही. हवामानबदलाच्या काळात परंपरागत उत्पादनांच्या संरक्षणाचा विचार करताना हा पेच लक्षात घेणे आवश्यक ठरते.