एच-इंडेक्स : एका फूटपट्टीची गोष्ट

परवा स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "सर, तुमचा एच-इंडेक्स किती?" म्हटलं, "चार." तो गप्पच झाला. वाईट वाटलं असावं बिचाऱ्याला. तेव्हाच ठरवलं, ही फूटपट्टी आली कुठून ते एकदा लिहायचं.

जॉर्ज हिर्श हे मूळचे अर्जेंटिनाचे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमधले भौतिकशास्त्रज्ञ. विषय कंडेन्स्ड मॅटर, त्यातही अतिसंवाहकता, म्हणजे काही पदार्थ खूप थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध शून्य होतो तो प्रकार. याचा १९५७ चा बीसीएस सिद्धांत जगभर शिकवला जातो, त्याला १९७२ चं नोबेलही मिळालं. हिर्श मात्र कित्येक वर्षं म्हणतायत की तो चुकीचा आहे. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटत नाही. साहजिकच असे पेपर नामांकित जर्नल्समध्ये सहजी छापून येत नाहीत.

२००५ मध्ये हिर्श यांनी एक छोटा पेपर लिहिला. पेपर कुठे छापला हे बघू नका, पुढच्या लोकांनी तो वापरला का ते बघा. तुमच्या २० पेपरांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले असतील तर तुमचा 'एच' २०. झालं! शाळेतल्या पोरालाही समजेल असं गणित. त्यांनी आकडेही सुचवले: वीस वर्षांच्या कामानंतर २० म्हणजे यशस्वी, ४० म्हणजे असामान्य. त्यांच्या यादीत पहिला होता एडवर्ड विटेन, ११०. नोबेलविजेते फिलिप अँडरसन ९१ वर.

पण यातली गोम बघा. एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याला पाच हजार संदर्भ मिळाले, तरी त्याचा एच एकच! उलट चालू फॅशनच्या विषयावर गटागटाने लिहीत राहिलं आणि एकमेकांचे संदर्भ देत राहिलं, की आकडा फुगतो. आणि एकदा चढलेला आकडा सहसा खाली येत नाही.

२०२० मध्ये हिर्श यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं की ही मोजणी सपशेल फसू शकते आणि तिचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याला ती मारक ठरते, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोचेस्टर विद्यापीठाच्या रंगा डायस यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दावा केला: साधारण १५ अंश सेल्सियसला, प्रचंड दाबाखाली, अतिसंवाहकता सापडली. जगभर बातम्या. हिर्श त्या मोजमापांच्या मागे लागले. मूळ आकडे मागितले, ते मिळाल्यावर सहकाऱ्याबरोबर तपासले, विसंगती दाखवल्या. लोक वैतागले, पण यांनी पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये 'नेचर'ने तो पेपर मागे घेतला. २०२३ मध्ये त्याच गटाचा दुसराही गेला.

दुसऱ्याचे आकडे तपासण्यात घालवलेली ही वर्षं कुठल्या इंडेक्समध्ये बसतात? जवळपास कुठल्याच नाही.

आता आपल्याकडे या. यूजीसीने २०१० मध्ये एपीआयचे गुण आणले. पेपर मोजायला लागल्याबरोबर पेपर विकणारी दुकानं निघाली. २०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली जर्नल्स तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली! पुढे 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चालायचं. २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली.

हे मी गादीवर बसून सांगत नाहीये. माझी स्थाननिश्चिती अडली होती, गुण कमी पडत होते. एका 'आंतरराष्ट्रीय' जर्नलला अठराशे रुपये पाठवले. चौथ्या दिवशी पेपर छापून आला, सोबत रंगीत सर्टिफिकेट! आलेखाच्या अक्षांवर एककं लिहायला विसरलो होतो, तीही चूक तशीच छापली. समितीने पानं मोजली, गुण दिले, चहा झाला. घरी बायकोने विचारलं, "पेपर कशावर आहे?" मला नीट सांगता येईना.

म्हणून आकड्यांवर बंदी घाला असं म्हणत नाही. आकडे नसतील तर वशिला आहेच! पण निवड समितीने उमेदवाराला इतकंच सांगावं: तुमचा सगळ्यात चांगला एक पेपर द्या. आणि मग तो समोर बसून खरंच वाचावा, दोन प्रश्न विचारावेत.

त्या दिवशी माझा पेपर कोणी वाचला असता तर माझी बढती अडकली असती. आणि ते योग्यच झालं असतं.