समुद्रावरील हवेचे मोजमाप

हिंगणघाट हे कापसाचे गाव. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तेव्हा समुद्रावरील हवेची कथा येथे कशाला, असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु मोजमापाच्या इतिहासात या गावाला स्थान आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी येथेच मरण पावला. जमिनीवर मोजलेली पायारेषा हिशेबात समुद्रसपाटीवर उतरवून घ्यावी लागे. कारण तुलनेला एक समान पातळी हवी.

हवेलाही अशीच पातळी लागते. गावातील हवा मोजली, तर साऱ्या पृथ्वीची हवा पालटली की शेजारची भट्टी पेटली, हे कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ महासागराकडे वळले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कर्बवायू मोजण्यास आरंभ केला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० हून अधिक आहे.

१९७१ साली जेम्स लव्हलॉक 'शॅकल्टन' जहाजातून अंटार्क्टिकाकडे निघाले. स्वतः शोधलेल्या उपकरणाने त्यांनी शीतयंत्रांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायू भर समुद्रात पकडला. प्रमाण एक लाख कोटी भागांत सुमारे पन्नास! एवढ्याशा वायूपासून धोका नाही, असे त्यांनाही वाटले. परंतु १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी हाच वायू ओझोनचे कवच झिजवील असे दाखविले, आणि १९८७ साली माँट्रियल येथे त्याला आळा घालणारा करार झाला.

आता आपल्या घराकडे वळू. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' हा मोठा प्रयोग झाला. त्यात 'सागर कन्या' हे भारतीय जहाज होते, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संशोधकही होते. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याने नेलेली काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड विषुववृत्तही ओलांडून सुमारे सहा अंश दक्षिणेपर्यंत आढळली. त्यापलीकडे मात्र हवा निर्मळ होती.

याचा अर्थ असा, की चुलीचा वा चिमणीचा धूर दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला, असे नव्हे. तो कोठेतरी जमेस धरला जातोच. आम्हांस वाटते, निर्मळ हवेची नोंद हे साऱ्या जगाच्या खतावणीतील पहिले पान होय. ते कोरे राहिले, तर पुढे आपण काय गमावले, हे कोणासही सांगता येणार नाही.