साठ फुटांची कुळकथा

बेसबॉलच्या पूर्ण आकाराच्या मैदानावर एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर 90 फूट असतं. पिचर जिथून चेंडू टाकतो ती जागा होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर. ही मापं मोठ्या माणसांसाठी ठरलेली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा चेंडू एवढ्या लांब नीट पोचत नाही, त्याची धाव कमी पडते आणि मोठ्या मुलांच्या संघात त्याला सहसा कोणी घेत नाही. 1938 च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या 28 वर्षांच्या नोकरदार गृहस्थानं ही अडचण मनावर घेतली. आज ज्या स्पर्धेला ‘लिटल लीग वर्ल्ड सिरीज’ म्हणतात, तिचा उगम इथे आहे.

स्टॉट्झ आपल्या दोन भाच्यांबरोबर चेंडू खेळत होता. चेंडूमागे धावताना लायलॅकच्या झुडपाच्या छाटलेल्या खुंटांवर त्याचा पाय पडला आणि घोटा खरचटला. तो जरा टेकला आणि मुलांना विचारू लागला: तुमचा स्वतःचा संघ असेल, गणवेश असेल, तुमच्या अंगाला झेपेल असं मैदान असेल, तर खेळाल का? पुढचे काही आठवडे त्यानं आळीतल्या पोरांना जमवून वेगवेगळ्या अंतरांवर बेस मांडून पाहिले. अंतर कमी केलं की धावणारा सहज वाचे, वाढवलं की फेक पोचत नसे. अखेर 60 फुटांवर दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळते असं दिसलं. डाव नऊऐवजी सहा ठेवले. पिचरची जागाही जवळ आली. पुढे ती 46 फुटांवर कायम झाली. नियम आधी लिहून मुलांना त्यात बसवण्याऐवजी मुलांना खेळवून त्यांच्यावरून नियम काढले गेले, आणि मला हीच या माणसाची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

पैशासाठी मात्र उंबरे झिजवावे लागले. अनेक व्यापाऱ्यांनी नकार दिल्यावर एक दूध डेअरी, एक लाकूड कंपनी आणि एक प्रेत्झेल कंपनी तयार झाली. लायकमिंग डेअरी, लंडी लंबर आणि जंबो प्रेत्झेल ही पहिल्या तीन संघांची नावं. 6 जून 1939 रोजी पहिल्या सामन्यात लंडी लंबरनं लायकमिंग डेअरीला 23–8 असं हरवलं.

महायुद्ध संपल्यावर लीग पसरू लागली आणि 1947 च्या ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टलाच पहिली स्पर्धा भरली. अकरा संघ आले. त्यांतला न्यू जर्सीचा हॅमंटन सोडला, तर बाकी सारे पेनसिल्व्हेनियाचे. गावच्याच मेनार्ड संघानं लॉक हेवनला 16–7 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या वर्षी युनायटेड स्टेट्स रबर या कंपनीचं पाठबळ मिळालं आणि 1949 मध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ हे नाव आलं. नावात जग होतं, पण मैदानात तेव्हा अमेरिकाच होती.

पसारा वाढला तशी सूत्रं लिटल लीग संस्थेच्या हाती गेली. हा खेळ गावोगावच्या स्वयंसेवकांचा राहावा असं स्टॉट्झला वाटे. संस्थेच्या कारभाऱ्यांशी त्याचे मतभेद न्यायालयापर्यंत गेले. 1956 मध्ये तडजोड झाली आणि ज्यानं हे रोप लावलं तोच लिटल लीगमधून बाहेर पडला. 1992 मध्ये वारला तोवर तो विल्यम्सपोर्टमध्येच होता, पण स्पर्धा त्याच्याविना वाढत राहिली.

मैदान मुलांच्या मापाचं झालं, पण कुठल्या मुलांच्या? हा प्रश्न 1955 मध्ये दक्षिण कॅरोलायनात उभा राहिला. चार्ल्स्टन शहरातल्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय मुलांच्या संघानं राज्यस्तरासाठी नाव नोंदवलं. त्यांच्याशी खेळायला नको म्हणून गोऱ्या मुलांच्या 61 संघांनी माघार घेतली. कॅनन स्ट्रीटला पुढे चाल मिळाली, राज्याचं विजेतेपद मिळालं, आणि मग नियमावर बोट ठेवण्यात आलं: जो संघ मैदानावर जिंकून आलेला नाही, त्याला पुढच्या फेरीत जागा नाही. मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावलं. ती सराव करून प्रेक्षकांत बसली. ‘त्यांना खेळू द्या’ असा ओरडा स्टँडमधून झाला, तरी त्यांना खेळू दिलं नाही. राज्य विजेत्याचा मान त्यांना जाहीरपणे दिला गेला 2002 मध्ये, तेव्हा ती पन्नाशीच्या पलीकडची माणसं होती.

कॅनन स्ट्रीटच्या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी मेक्सिकोतल्या मॉन्तेरेहून एक संघ आला. साध्या घरांतली, अमेरिकी प्रतिस्पर्ध्यांहून उंचीनं आणि वजनानं कमी असलेली ही मुलं थोड्या दिवसांच्या परवान्यावर सीमा ओलांडून टेक्ससमध्ये आली होती. ती जिंकत गेली आणि मुक्काम लांबत गेला. 23 ऑगस्ट 1957 च्या अंतिम सामन्यात आंखेल मासियास या 12 वर्षांच्या पिचरनं कॅलिफोर्नियाच्या ला मेसा संघाच्या अठराच्या अठरा बॅटरना बाद केलं, एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही. मॉन्तेरे 4–0 नं जिंकलं. अंतिम सामन्यात असा ‘परफेक्ट गेम’ त्यानंतर कुणाला साधलेला नाही. अमेरिकेबाहेरचा हा पहिला विजेता, आणि पुढच्या वर्षीही मॉन्तेरेच जिंकलं.

मग आशियाची पाळी आली. 1967 मध्ये पश्चिम टोकियो जिंकलं. 1969 मध्ये तैवानच्या ताइचुंगचा ‘गोल्डन ड्रॅगन्स’ संघ जिंकला आणि त्या बेटावर या खेळाचं वेडच पसरलं. सामना तिथे मध्यरात्रीनंतर दिसे, तरी घरंच्या घरं जागी असत. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा गमावलेल्या देशाला बारा वर्षांची मुलं जगासमोर उभी करत होती. 1969 ते 1996 या काळात तैवाननं 17 विजेतेपदं मिळवली. अमेरिकी संघांचे सलग चार पराभव पाहिल्यावर संस्थेनं 1975 च्या स्पर्धेतून परदेशी संघच वगळले. टीका इतकी झाली की वर्षभरात बंदी उठवावी लागली. 1976 पासून अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय असे दोन गट पडले. अंतिम सामन्यात एक अमेरिकी संघ हमखास असतो, तो या रचनेमुळे.

मुलींसाठीही दार असंच उघडावं लागलं. 1950 मध्ये कॅथरिन जॉन्स्टन ही मुलगी केस कापून, मुलगा असल्याचं भासवून न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये खेळली. त्यानंतर संस्थेनं मुलींना मनाई करणारा नियमच केला. 1972 मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनच्या मारिया पेपेला तीन सामन्यांनंतर थांबवण्यात आलं. प्रकरण लढलं गेलं, 1973 मध्ये सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूनं निकाल दिला आणि 1974 मध्ये नियम बदलला. तोपर्यंत मारियाचं खेळायचं वय उलटलं होतं. तिला न मिळालेलं मैदान 1984 मध्ये ब्रसेल्सकडून खेळलेल्या व्हिक्टोरिया रोशला मिळालं, आणि 2014 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसनं प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकला. या स्पर्धेत हे करणारी ती पहिली मुलगी.

मोठ्यांच्या हव्यासानं स्पर्धेला डागही लागले. 1992 मध्ये फिलिपिन्सच्या झाम्बोआंगा संघाचं विजेतेपद अपात्र खेळाडूंमुळे काढून घेतलं गेलं. 2001 मध्ये ब्राँक्सच्या संघाचा चमकदार पिचर 14 वर्षांचा असल्याचं उघड झालं. खोटा दाखला मोठ्यांनी केला होता, नामुष्की मुलाच्या वाट्याला आली.

म्हणून मला 2007 चा एक रूक्ष वाटणारा नियम फार मोलाचा वाटतो. 11–12 वर्षांच्या पिचरनं दिवसाला 85 हून जास्त चेंडू टाकायचे नाहीत, आणि आताच्या नियमानुसार 66 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यायची. वाढत्या हाडांचा कोपर आणि खांदा जपण्यासाठी हे बंधन आलं. आता वीस संघ खेळतात, लाखो लोक सामने पाहतात, 2025 मध्ये तैवाननं अठरावं विजेतेपद मिळवलं. तरीही चेंडूंची मर्यादा भरली की संघाचा सर्वोत्तम पिचर ऐन मोक्याला बदलावा लागतो. प्रशिक्षक हळहळतो, प्रेक्षक चडफडतात. स्टॉट्झनं बेसमधलं अंतर ज्या न्यायानं ठरवलं त्याच न्यायाचं हे पुढचं पाऊल आहे, आणि स्पर्धा हरण्याची किंमत देऊनही ते पाळलं जातं तोवर ही स्पर्धा मुलांची आहे.