नकाशातील कोरी जागा

खाणीतून निवृत्त झालेला आमचा एक सोबती चंद्रपूरच्या युनियन कचेरीत एक जुनाट नकाशा घेऊन आला. शीर्षकाचा कोपरा फाटलेला होता. “भाऊ, याचे काही पैसे येतीन काय? नातीची फी भराची हाये.” आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी कागद टेबलावर पसरला.

आधी कडेचे आकडे पाहिले. चांदा ८० अंशांच्या रेषेजवळ होता, म्हणजे मोजणी ग्रीनिचपासूनची. फ्रेंचांनी पॅरिसपासून मोजला असता तर तो ७७ च्या आसपास पडला असता. वैनगंगेला ‘बैनगंगा’ म्हटले होते. ही खूण जेम्स रेनेलची. १७६७ पासून तो कंपनीचा बंगालमधील सर्व्हेअर जनरल होता; विलायतेस परतल्यावर १७८२ मध्ये त्याने हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला आणि १७८८ मध्ये सुधारून मोठा काढला. आमचा मुलूख त्याने पाहिला नव्हता. फौजांच्या कुचाच्या नोंदी जोडून त्याने बरेच काम भागवले. पलटण गेली त्या वाटेवर गावांची माळ. वैनगंगेच्या पूर्वेस बहुतेक कागद कोरा.

पण तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, तो येथे दिसेना. भिंग लावले तर रंगाचे बारीक ठिपके! अलीकडची नक्कल होती. हे सांगताना जीभ जड झाली. फीसाठी वर्गणी त्याच संध्याकाळी सुरू केली.

नक्कल असली तरी ती कोरी जागा खरी आहे, आणि तिच्याविषयी बोलले पाहिजे. १७५१ पर्यंत चांद्यास गोंड राजे होते, नंतर भोसले आले. रानात गावे होती, तळी होती, मोहाची झाडे कोणाची हे लोकांना ठाऊक होते. कागदावर नाही ते अस्तित्वात नाही, हा न्याय पुढच्या सरकारला सोयीचा पडला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. बंड करणाऱ्या बाबूराव शेडमाके यांस १८५८ मध्ये चांद्यास फाशी दिली. १८७८ च्या वन कायद्यानंतर कोऱ्या जागेत राखीव जंगलाच्या हद्दी उमटत गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारा माणूस सरपणासाठी गुन्हेगार ठरला.

त्याच पूर्वेकडील मुलखात, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळाली.

सोबत्याचे गाव त्याच बाजूचे. निघताना त्याने कोऱ्या जागेवर बोट ठेवून ते दाखवले. आम्ही पेन्सिल पुढे केली.