छप्पर होते, घर नव्हते : पुण्यातील स्त्री-आश्रयाची वाटचाल

पुणे शहराच्या समाजकार्याचा इतिहास लिहिताना शाळा, वाचनालये, दवाखाने यांची नोंद आवर्जून होते. स्त्रियांना दिलेला आश्रय मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो. कारण उघड आहे. ज्यांच्यासाठी तो होता, त्या स्त्रिया रस्त्यावर दिसतच नव्हत्या. जनगणना बेघर म्हणते ती उघड्यावर रात्र काढणाऱ्यांना. २०११ मध्ये देशभरात असे सुमारे १७.७ लाख लोक मोजले गेले. भावाच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकणारी परित्यक्ता, किंवा सहा महिने या लेकीकडे आणि सहा महिने त्या दिराकडे काढणारी विधवा या आकड्यात कधीच येत नाही. तिला छप्पर असते. ते कोणाच्या तरी मर्जीवर असते, एवढेच.

या दुःखाला पुण्यात पहिले दार उघडले ते १८६३ मध्ये. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. नावात बालहत्या असली, तरी तेथे येणारी स्त्री मुळात घर गमावून बसलेली होती. वाड्यात राबणाऱ्या तरुण विधवेला दिवस गेल्याचे कळले की तोच वाडा तिला परका होई. अशा ३५ स्त्रिया या गृहात येऊन बाळंत झाल्या, असे जोतीरावांनी १८८४ मध्ये नमूद केले आहे. येथेच जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले.

पुढचे पाऊल पंडिता रमाबाईंचे. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. गोदूबाई ही त्यांची पहिली विधवा विद्यार्थिनी. बालपणीच वैधव्य आलेल्या गोदूबाईंनी कित्येक वर्षे कोकणात सासरी कष्टात काढली होती. थोरल्या भावाने त्यांना शिकण्यासाठी मुंबईस आणले. धर्मांतराच्या वादामुळे १८९३ मध्ये अनेक पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या. त्या कोठे गेल्या? बहुतेक जणी जेथून आल्या होत्या, तेथेच. वाद कोणाचा खरा यावर त्या काळी पुष्कळ शाई खर्ची पडली, पण या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही.

त्याच वर्षी गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेला, तो एका साध्या झोपडीत. फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन आटोपून अण्णासाहेब चिखल तुडवीत तेथवर चालत जात. ही दारे आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरतीच होती, ही उणीवही नोंदविली पाहिजे. पण निवाऱ्याला शिक्षणाची जोड दिल्यावाचून बाई पुन्हा मिंधीच राहते, हे या संस्थेने ओळखले. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून तोच विचार पुढे नेला आणि परिचारिकेचे शिक्षण देऊन अनेकींना स्वतःच्या मिळकतीवर उभे केले.

जैन समाजही यात मागे नव्हता. दानवीर शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणी विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला. सोलापुरात पंडिता सुमतिबाई शहा यांनी श्राविका संस्था वाढविली. याला शास्त्राचा आधार शोधावाही लागत नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीने आवास हेही दान गणले आहे. संदर्भ त्यागी-व्रतींच्या सेवेचा आहे, हे खरे. परंतु निवारा देणे हे स्वतंत्र दान मानले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

कायदा मात्र फार सावकाश आला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, स्त्रीला मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. पण त्यातील कलम २३ अन्वये, भाऊ वाटणी करीपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. अविवाहित, विधवा वा परित्यक्ता लेकीला तेथे केवळ राहण्याची मुभा होती. हे कलम २००५ मध्ये गेले. २००६ मध्ये अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहितेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी हा हक्क सांगता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या आजही होतात; बऱ्याचदा प्रेमाने, भाऊबीजेच्या ओवाळणीइतक्या सहजतेने. पुढे संसार मोडला तर ती ज्या दाराशी येते, त्या दारावरचा आपला हक्क तिने स्वतःच लिहून दिलेला असतो. आणि यात्रेकरूंसाठी बांधलेल्या आपल्या बहुतेक धर्मशाळांत मुक्काम मोजक्या दिवसांचाच असतो. तिला मात्र काही महिने हवे असतात.