आडव्या इंजिनामागचे नट

सुएझच्या संकटामुळे 1956 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी ॲलेक इसिगोनिस यांना कमी पेट्रोल पिणारी, पण चार माणसं नीट बसतील अशी छोटी गाडी करायला सांगितलं. इंजिन मात्र कंपनीच्या पदरी असलेलंच वापरायचं होतं. इसिगोनिस यांनी ते आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, ऑइलच्या टाकीतच घातला. 26 ऑगस्ट 1959 ला बाजारात आलेली मिनी जेमतेम दहा फूट लांब होती.

माणसांना जागा मिळाली, पण ती मिस्त्रीच्या हातांच्या वाट्यातून.

सुरुवातीच्या चाचणीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर पुढच्या जाळीकडे होता. मग इंजिन चक्क उलटं फिरवलं गेलं. थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे त्याचं सांगितलं गेलेलं कारण. खरी अडचण गिअरच्या झिजेची होती, असंही काही जण म्हणतात. फिरण्याची दिशा जुळवायला मध्ये आणखी एक दातेरी चाक घालावं लागलं. या उलटापालटीत डिस्ट्रिब्युटर पुढे आला आणि पावसाचं पाणी थेट त्याच्यावर उडू लागलं. भर रस्त्यात गाड्या बंद पडायच्या. त्यावर लोकांनी शोधलेला तोडगा म्हणजे भांडी घासायचा रबरी हातमोजा: चार बोटांतून चार प्लगच्या वायरी, अंगठ्यातून कॉइलची.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड गेले मागे, इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या बेचक्यात. तिथले खालचे नट दिसतच नाहीत. आधी कार्ब्युरेटर उतरवायचा, मग अर्ध्या इंचाचा रिंग पाना खाली सोडून नट बोटांनी चाचपायचा. बारा खाचांच्या रिंग पान्याला 30 अंश फिरलं की पुढची पकड मिळते. साध्या पान्याचं तोंड 15 अंश कलतं ठेवतात तेही याचसाठी: एकदा सरळ, एकदा पालथा घातला की तेवढ्याच जागेत काम भागतं. एक्झॉस्ट पाइपचा क्लॅम्प त्याहून खोल आणि तापून-गंजून धरलेला. जोर लावला की पाना घसरायचा, नटाच्या कडा गोल व्हायच्या, कातडी सोलायची ती वेगळीच. म्हणून तिथे पितळी नट बरे पडतात. ते स्टडवर गंजून बसत नाहीत.

अशा कोपऱ्यांसाठीची हत्यारं मिनीच्या किती तरी आधीची. अमेरिकेत मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सन यांनी 1920 च्या सुमारास पाच दांडे आणि दहा गोट्या (सॉकेट) असा अदलाबदलीचा संच काढला. स्नॅप-ऑन कंपनी त्यातूनच उभी राहिली. गोटी पान्याला वाकडी वाट दाखवणारा सांधा तर इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1676 मध्ये सूर्य पाहण्याच्या उपकरणाच्या संदर्भात मांडलेल्या सांध्याच्या जातीचा. आकाशाकडे वळायला केलेली युक्ती शेवटी गाडीच्या पोटात उतरली! तरी खरी करामत मिस्त्रीची. पाना कापून आखूड करायचा, त्याची भिंत घासून पातळ करायची, नट गोटीतून पडू नये म्हणून आत ग्रीसचा बोळा भरायचा.

क्लचचं काम मिनीत इंजिन न उतरवता होतं, एवढी दया इसिगोनिस यांनी केली होती. गिअरबॉक्ससाठी मात्र सगळं धूडच बाहेर काढावं लागतं.

इटलीत फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी इंजिन आडवंच ठेवलं, पण गिअरबॉक्स खाली न घालता त्याच्या शेजारी, एका रांगेत जोडला. 1964 ची ऑटोबियांकी प्रिम्युला ही त्यांची तशी पहिली गाडी. पुढे जगानं हीच मांडणी उचलली. गंमत म्हणजे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची पद्मिनी ज्या फियाट 1100 वरून आली, तीही जाकोसांच्याच हाताखालची. पण तिचं इंजिन उभं, लांबीच्या दिशेनं. तिच्यावर हात बसलेल्या आपल्याकडच्या गॅरेजांत 1983 नंतर मारुती 800 येऊ लागली आणि बोनेट उघडल्यावर समोर आडवं इंजिन दिसू लागलं. मिनी स्वतः 2000 सालापर्यंत बनत राहिली. एकूण 53 लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि मॅनिफोल्ड शेवटपर्यंत त्या भिंतीकडेच तोंड करून होता.