औषधसातत्य (आमवातातील)

ठरलेले औषध ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवशी आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत घेत राहणे म्हणजे औषधसातत्य. आमवातात (बोलीत संधिवात किंवा नुसताच ‘वात’) ते अनेकदा टिकत नाही, आणि खापर रुग्णाच्या निष्काळजीपणावर फुटते. हे निदान घाईचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन उपचारांतले सातत्य सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच भरते. तेव्हा अडाणीपणा किंवा गरिबी एवढ्यानेच त्याचा उलगडा होत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना हा आजार आढळला. त्या हिशेबाने एकट्या छत्रपती संभाजीनगरात काही हजार रुग्ण निघतील, आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून अधिक.

मूळ अडचण औषधाच्या स्वभावातच आहे. मेथोट्रेक्सेट हे या आजारातले मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि गुण दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. १५ मिलिग्रॅमची मात्रा असेल आणि हाती २.५ च्या गोळ्या असतील, तर एका वारी सहा गोळ्या होतात. सहा गोळ्या एकदम पाहून घरचे धास्तावतात आणि ‘रोज एकेक घे’ म्हणतात. काळजीपोटी दिलेला हा सल्ला घातक ठरतो: तोंड येते, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जिवावर बेतते. उलट वेदनाशामक गोळी संध्याकाळपर्यंत आराम देते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखवून, गुलमंडीच्या बाजारातली खरेदी उरकून गावाकडची एसटी धरणाऱ्या बाईला सकाळी बोटे आखडल्याने तासभर कणीक मळता येत नसेल, तर तिचा विश्वास कोणत्या गोळीवर बसेल? ठणका थांबला तरी सांध्याची झीज आतून चालूच राहते, हे त्या गोळीकडे पाहून कळत नाही. वातावर म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असते. त्या तर ‘रामबाण’च वाटणार.

दुखणे थांबल्यावर औषध कशाला, हा आक्षेप मात्र निर्बुद्ध नाही. नेदरलँड्समध्ये बरे वाटत असलेल्या २८५ रुग्णांवरील चाचणीत (१९९६) काहींचे औषध चालू ठेवले, तर काहींना त्याऐवजी निष्क्रिय गोळी दिली. वर्षभरात औषध थांबवलेल्या गटात ३८ टक्क्यांचा आजार उसळला, चालू ठेवलेल्यांत २२ टक्क्यांचा. म्हणजे थांबवणाऱ्यांतले बरेच जण वर्षभर ठीक राहिले. पण आपण त्यांतले की नाही हे आधी ओळखता येत नाही आणि झिजलेले हाड परत भरून येत नाही. म्हणून मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू. मेथोट्रेक्सेट तुलनेने स्वस्त असल्याने खर्चाची सबब लटकी ठरवणारेही चुकतात: ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, त्यासाठी येण्याजाण्याचे भाडे पडते आणि दिवसाची मजुरी बुडते. शिवाय काही वेळा औषध थांबवणेच योग्य असते. दिवस जाऊ द्यायचे असतील तर मेथोट्रेक्सेट आधीच बंद करावे लागते. तेव्हा सातत्य म्हणजे मुकाट आज्ञापालन नव्हे.

औषध रोज घेण्याची चूक टळावी म्हणून मेथोट्रेक्सेटचा वार चिठ्ठीवर अक्षरांत लिहून घ्यावा आणि त्यासोबत दिलेल्या फॉलिक ॲसिडचा वार वेगळा ठेवावा.